डेटाबेसमधून नोंदी आणणारे सहायक फंक्शन कसे लिहावे?

आपली अडचण मला अशी समजली आहे. पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर चालणाऱ्या संकेतस्थळासाठी आपण एक सहायक फंक्शन लिहिले आहे. टेबलचे नाव, अट आणि क्रम अशा तीन स्ट्रिंग त्याला दिल्या की ते त्यांची क्वेरी (डेटाबेसला करायची विचारणा) जुळवते, चालवते आणि हाती आलेले परत देते. टेबलमध्ये चाळीस नोंदी असताना मिळते मात्र पहिली एकच, आणि अटीत बसणारी नोंदच नसेल तर पुढे फॉरईच लूप इशारा देऊ लागतो. दोष कुठे आहे आणि असे फंक्शन मुळात कसे लिहावे, हे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींचे आहे. दुसऱ्यासाठी जरा विस्ताराने लिहावे लागेल, कारण त्या दोन ओळी दुरुस्त करून फंक्शन आज चालू लागेल, पण त्याची घडण तशीच राहिली तर महिन्याभराने ते दुसऱ्या ठिकाणी अडेल.

दोष रिटर्नच्या जागेत आहे. आपण व्हाईल लूपमध्ये नोंद उचलता आणि त्याच कंसात ती परत देता. रिटर्न आले की फंक्शन तिथल्या तिथे संपते, त्यामुळे लूपची दुसरी फेरी होतच नाही. लूपच्या आधी एक रिकामा अ‍ॅरे तयार करा, प्रत्येक फेरीत नोंद त्याच्या शेवटी जोडा आणि लूपचा कंस बंद झाल्यावर तो अ‍ॅरे परत द्या. या चुकीला एक जुळे भावंडही आहे: रिटर्न बाहेर असते, पण जोडताना रिकामे चौकटी कंस राहून जातात, त्यामुळे प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला पुसत जाते आणि शेवटची तेवढी उरते. म्हणून कोणी ‘एकच नोंद येते’ असे सांगितले की मी आधी विचारतो, पहिली येते की शेवटची. त्या उत्तरावरूनच ओळ सापडते. हा दोष झाकण्यासाठी काहींनी फंक्शनची हाकच व्हाईलच्या अटीत बसवलेली मी पाहिली आहे. तसे केले की दर फेरीला क्वेरी नव्याने चालते, दर वेळी तीच पहिली नोंद येते आणि पान कधीच पूर्ण होत नाही.

इशाऱ्याचे मूळही तिथेच आहे. नोंद नसेल तर लूपमध्ये शिरणे होत नाही, रिटर्नपर्यंत कोणी पोचत नाही, आणि काहीही परत न देता संपलेल्या फंक्शनकडून पीएचपी नल (‘काहीच नाही’ असे मूल्य) देते. फॉरईचला मात्र अ‍ॅरे हवा असतो. लूपच्या आधी रिकामा अ‍ॅरे तयार असला की हाही प्रश्न मिटतो: शून्य नोंदींवर फॉरईच शून्य फेऱ्या मारतो आणि हाक देणाऱ्या कोडला वेगळी तपासणी करावी लागत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अशा फंक्शनबाबत सर्वात आधी ठरवायची गोष्ट म्हणजे ते कोणत्या परिस्थितीत काय परत देईल. परिस्थिती तीन असतात: नोंदी मिळाल्या, एकही मिळाली नाही, किंवा विचारणाच फसली. आपल्या सध्याच्या फंक्शनमध्ये पहिल्या वेळी एका नोंदीचा अ‍ॅरे, दुसऱ्या वेळी नल आणि तिसऱ्या वेळी फॉल्स असे तीन वेगळे प्रकार बाहेर पडतात, आणि त्यांतला फरक ओळखण्याचे ओझे ते फंक्शन वापरणाऱ्या प्रत्येक पानावर येते. शिवाय ‘एक नोंद हवी’ आणि ‘सगळ्या हव्यात’ या दोन गरजा आपण एकाच दारातून भागवू पाहत आहात. नोंद एकच असेल तर ती सुटी द्यायची आणि जास्त असतील तर त्यांचा अ‍ॅरे द्यायचा, ही युक्ती सोयीची वाटते, पण ती मी कोणालाही सुचवणार नाही. ज्या दिवशी यादीत योगायोगाने एकच नोंद असेल, त्या दिवशी फॉरईच त्या नोंदीच्या कॉलमांवरून फिरेल आणि यादीऐवजी पानावर नाव, पत्ता, तारीख असे तुकडे उमटतील.

त्यापेक्षा तीन छोटी फंक्शने करावीत. सगळ्या नोंदी आणणारे नेहमी अ‍ॅरेच देईल, प्रसंगी रिकामा. एक नोंद आणणारे ती नोंद देईल, नसल्यास नल. एकच मूल्य आणणारे, उदाहरणार्थ मोजणी किंवा एखादी रक्कम, ते मूल्य देईल. वर्डप्रेसच्या डेटाबेस वर्गात यादीसाठी, एका ओळीसाठी, एका कॉलमसाठी आणि एका मूल्यासाठी अशाच वेगवेगळ्या पद्धती आहेत, आणि नाव वाचताच काय मिळणार हे कळते. एकच मूल्य आणताना एक काळजी घ्यावी. पीडीओची (पीएचपीतून डेटाबेसशी बोलण्याची एक सोय) एक कॉलम उचलणारी पद्धत नोंद नसल्यास फॉल्स देते, आणि शिल्लक शून्य असेल तर शून्य देते. नुसत्या नकारार्थी अटीने तपासले तर पीएचपीला ही दोन्ही सारखीच दिसतात, आणि ज्याची शिल्लक शून्य आहे तो ग्राहक ‘सापडला नाही’ ठरतो. इथे तीन बरोबरची चिन्हे असलेली तुलनाच हवी.

विचारणा फसली तर फॉल्स परत देऊ नये, एक्सेप्शन (चूक झाल्यावर काम थांबवणारा संकेत) फेकावा. कारण साधे आहे. समजा नवीन खाते उघडताना आपण ‘या ईमेलची नोंद आहे का’ असे विचारता. डेटाबेसशी संपर्क तुटला आणि फंक्शनने फॉल्स दिले, तर कोड समजतो की नोंद नाही आणि खुशाल पुढे जातो. माहिती नसणे आणि माहिती विचारताच न येणे या दोन गोष्टी एकाच मूल्यात कोंबल्याचा हा परिणाम. पीएचपी ८.० पूर्वी, म्हणजे २०२० पर्यंत, पीडीओ मूळ सेटिंगमध्ये चुकांबाबत गप्पच राहत असे; ८.० पासून ते स्वतःहून एक्सेप्शन फेकते, आणि मायएसक्यूएलआय या तशाच दुसऱ्या सोयीमध्ये हाच बदल २०२१ च्या ८.१ मध्ये आला. आपली आवृत्ती जुनी असेल तर कनेक्शन उघडतानाच हे सेटिंग स्पष्ट लिहा. नवीन असली तरी लिहिण्यात तोटा नाही. मात्र सहायक फंक्शनच्या आतच ट्राय आणि कॅच लावून चूक पडद्यावर छापणे टाळा. या फंक्शनला आपण कोणत्या पानावर आहोत हे माहीत नसते, आणि चुकीच्या संदेशात क्वेरीचा मजकूर, टेबलांची नावे असे पाहुण्याला दाखवू नये ते सारे असते.

यानंतर सर्वात गंभीर बाब: अट स्ट्रिंग म्हणून देणे. आपल्या फंक्शनला हाक देणारा प्रत्येक जण मूल्य अवतरणचिन्हांत घालून अट जुळवतो. आडनावाच्या शोधपेटीत कोणी ‘ओ’ब्रायन’ लिहिले की नावातले अवतरणचिन्ह आपण उघडलेले अवतरण मध्येच बंद करते, आणि ‘ब्रायन’ हा भाग आज्ञेचा तुकडा म्हणून डेटाबेसपुढे जातो. भल्या माणसाच्या हातून येथे वाक्यरचनेची चूक दिसते. दुष्ट हेतूने लिहिणारा त्याच फटीतून आपली अट घुसवतो. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. १९९८ पासून त्याची जाहीर चर्चा आहे आणि उपाय ठाऊक असूनही तो दोष अजून सापडतो, बहुतेक वेळा नेमका अशा ‘सोयीच्या’ फंक्शनमध्ये. मूल्ये शुद्ध करून जोडणे हा उपाय पुरेसा नाही, कारण शंभर ठिकाणी शुद्ध केले आणि एका ठिकाणी विसरले तर ती एक जागाच कामी येते, आपल्या नव्हे तर त्या दुष्ट हेतूच्या माणसाच्या.

उपाय म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट. क्वेरीत मूल्याच्या जागी प्रश्नचिन्ह लिहायचे आणि मूल्ये वेगळ्या अ‍ॅरेत द्यायची. सर्व्हर आधी प्रश्नचिन्हासह वाक्याची रचना समजून घेतो. नंतर आलेले मूल्य मग काहीही असो, त्या रचनेत बदल करू शकत नाही. एक बारकावा असा की मायएसक्यूएलसाठी पीडीओ मूळ सेटिंगमध्ये याचे अनुकरण करते, म्हणजे मूल्ये स्वतः अवतरणांत घालून एकच तयार वाक्य सर्व्हरला पाठवते. कनेक्शनमध्ये कॅरेक्टर सेट नीट सांगितलेला असेल तर हेही सुरक्षित आहे, पण त्यामुळे एक विचित्र अडचण येते: अ‍ॅरेतून दिलेली सगळी मूल्ये स्ट्रिंग मानली जातात, लिमिटपुढचा (किती नोंदी हव्यात हे सांगणारा) १० हा आकडा अवतरणांत जातो आणि सर्व्हर वाक्य नाकारतो. अनुकरण बंद करा, किंवा ते मूल्य पूर्णांक म्हणून बांधा. मी पहिला पर्याय निवडतो.

प्रश्नचिन्ह फक्त मूल्याची जागा घेऊ शकते, टेबलच्या किंवा कॉलमच्या नावाची नाही. क्रमासाठी कॉलमचे नाव प्रश्नचिन्हातून दिले तर बहुधा एररही येत नाही. डेटाबेस ते नाव एक स्थिर मजकूर समजतो, सगळ्या नोंदी त्या मजकुराच्या हिशेबाने सारख्याच ठरतात आणि क्रम लागतच नाही. चूक दिसत नाही, फक्त यादी विस्कळीत दिसते, आणि माणूस तासभर भलतीकडे शोधत बसतो. यासाठी परवानगी असलेल्या कॉलमांची यादी कोडमध्ये ठेवावी, पानाकडून आलेला शब्द त्या यादीत शोधावा, आणि क्वेरीत यादीतले आपले नाव लिहावे, आलेला शब्द कधीच नाही. इन (‘या यादीपैकी कोणतेही’) या अटीत जितकी मूल्ये तितकी प्रश्नचिन्हे लागतात, म्हणून ती अ‍ॅरेच्या लांबीवरून तयार करावीत. अ‍ॅरे रिकामा असेल तर क्वेरी चालवूच नये, कारण रिकामे कंस मायएसक्यूएलला चालत नाहीत, आणि उत्तर तर आधीच ठाऊक आहे.

आपल्या फंक्शनमध्ये अट रिकामी ठेवली की व्हेअर (क्वेरीतला अटीचा भाग) गाळले जाते, हे मला विशेष खटकले, कारण हीच चूक मी केलेली आहे. काही वर्षांपूर्वी मी लिहिलेल्या एका फंक्शनमध्ये अट अशीच ऐच्छिक होती. ग्राहकाला त्याच्या ऑर्डरी दाखवणाऱ्या पानावर अट जुळवताना व्हेरिएबलच्या नावातले एक अक्षर चुकले, अट रिकामी राहिली, व्हेअर गळाले आणि प्रत्येक ग्राहकाला सगळ्यांच्या ऑर्डरी दिसू लागल्या. कुठे एरर नव्हती. चाचणीच्या डेटाबेसमध्ये एकच ग्राहक असल्यामुळे तिथे सगळे ठाकठीक दिसले होते, आणि अनोळखी व्हेरिएबलची सूचना पीएचपीने इमानाने लॉगमध्ये लिहिली होती, ती मी वाचली नव्हती. तेव्हापासून माझ्या फंक्शनमध्ये अट गाळण्याची सोय नसते आणि चाचणीच्या डेटाबेसमध्ये किमान दोन ग्राहक असतात.

या सगळ्यातून माझे मत असे बनले आहे की सहायक फंक्शनने क्वेरी लपवू नये. तिच्याभोवतीचे कंटाळवाणे काम तेवढे अंगावर घ्यावे. टेबल, अट, क्रम असे तुकडे घेणारे फंक्शन पहिल्या आठवड्यात छान दिसते. मग मर्यादा लागते, मग जॉइन (दोन टेबले जोडणे), मग ग्रुप बाय (नोंदींचे गट करणे), आणि पाहता पाहता नऊ पॅरामीटरचे एक अर्धवट एसक्यूएल तयार होते, जे खऱ्या एसक्यूएलपेक्षा शिकायला कठीण आणि करायला तोकडे असते. म्हणून माझे फंक्शन तीनच गोष्टी घेते: कनेक्शन, संपूर्ण क्वेरी आणि मूल्यांचा अ‍ॅरे. आत तीन ओळी असतात: क्वेरी प्रिपेअर करणे, मूल्ये देऊन ती एक्झिक्यूट करणे, आणि फेचऑलचा (सगळ्या नोंदी एकदम उचलणाऱ्या पद्धतीचा) निकाल परत देणे. फेचऑल नोंदी नसल्यास रिकामा अ‍ॅरेच देते, त्यामुळे वरचा व्हाईल लूपही लागत नाही. पानावरची हाक मग अशी वाचता येते: सर्व_नोंदी(कनेक्शन, “सिलेक्ट क्रमांक, तारीख, रक्कम फ्रॉम ऑर्डरी व्हेअर ग्राहक_क्रमांक = ?”, [ग्राहक]). (पीएचपीला देवनागरी नावे खरोखरच चालतात, पण एसक्यूएलचे शब्द अर्थातच रोमनमध्ये लिहावे लागतात, आणि संघात काम करताना मी नावेही रोमनच ठेवतो.) आपण पीडीओऐवजी मायएसक्यूएलआय वापरत असाल, तर २०२२ च्या पीएचपी ८.२ मध्ये प्रिपेअर, मूल्ये बांधणे आणि चालवणे एकाच हाकेत करणारी पद्धत आलेली आहे, त्यामुळे तिथेही एवढेच लिहावे लागते.

कनेक्शन बाहेरून द्यावे, हे मी मुद्दाम म्हणतो. फंक्शनमध्ये बाहेरचे व्हेरिएबल दिसत नाही म्हणून बरेच जण आतच नवे कनेक्शन उघडतात. पानावर तीस हाका असतील तर तीस कनेक्शन उघडतात, आणि मायएसक्यूएलची मूळ मर्यादा एका वेळी १५१ ची आहे. त्याहून वाईट म्हणजे ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के होणारे बदल): आपण एका कनेक्शनवर नोंद घातली, अजून कमिट (पक्की) केली नाही, आणि फंक्शन दुसऱ्या कनेक्शनवरून ती शोधायला गेले, तर मूळ सेटिंगमध्ये ती त्याला दिसणार नाही.

नोंदींच्या आकाराबद्दलही दोन शब्द. पीडीओ मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक मूल्य दोनदा देते, एकदा कॉलमच्या नावाने आणि एकदा क्रमांकाने. नोंद जेसनमध्ये बदलून पाहिली की हे लगेच डोळ्यांत भरते. फक्त नावाने मूल्ये मिळतील असे सेटिंग कनेक्शन उघडताना एकदाच करावे. मग दुसरा सापळा समोर येतो. ऑर्डरी आणि ग्राहक यांचा जॉइन करून तारा चिन्हाने सगळे कॉलम मागवले, आणि दोन्ही टेबलांत ‘क्रमांक’ नावाचा कॉलम असला, तर अ‍ॅरेत नंतरचा आधीच्याला झाकतो. पानावर ऑर्डरीचा क्रमांक म्हणून ग्राहकाचा क्रमांक छापला जातो, त्यावर टिचकी मारली की भलतीच ऑर्डर उघडते. हवे ते कॉलम नावानिशी मागवावेत आणि सारख्या नावांना टोपणनाव द्यावे. पूर्णांकांच्या बाबतीत, ८.१ पूर्वी अनुकरण चालू असताना आकडे स्ट्रिंग म्हणून येत, आता पूर्णांक म्हणून येतात. मात्र डेसिमल प्रकारची रक्कम आजही स्ट्रिंगच येते, आणि ते योग्यच आहे, कारण फ्लोटमध्ये (अंदाजे दशांश आकड्यात) तिची अचूकता टिकत नाही. कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ ठेवावा. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ एका अक्षराला तीनच बाइट देतो. देवनागरी अक्षरे त्यात बसतात, म्हणून दोष बरेच दिवस कळत नाही, आणि कोणी पहिला इमोजी पाठवला की कळतो.

सोपे फंक्शन हातात आले की ते लूपमध्ये वापरण्याचा मोह होतो, आणि संथ पानांच्या तक्रारींत मी सर्वात आधी हेच शोधतो. पन्नास ऑर्डरींची यादी आणली, मग प्रत्येक ऑर्डरीसाठी ‘एक नोंद’ फंक्शनने ग्राहकाचे नाव आणले, की एका पानासाठी एक्कावन्न क्वेरी होतात. कोड वाचताना ती एक निरुपद्रवी ओळ दिसते. जॉइनने हे काम एका क्वेरीत होते, किंवा ग्राहकांचे क्रमांक गोळा करून इनने दोन क्वेरींत. विकासाच्या काळात फंक्शनमध्ये एक मोजणी ठेवा आणि पानाच्या शेवटी ती लॉगमध्ये लिहा. आकडा नोंदींबरोबर वाढत असेल तर लूप सापडलाच म्हणून समजा.

काही लाख नोंदींची फाइल तयार करायची असेल तर फेचऑल उपयोगी नाही, कारण सगळे एकाच वेळी मेमरीत येते. अशा वेळी यील्ड वापरून एकेक नोंद देणारे चौथे फंक्शन लिहावे. अशी फंक्शने, म्हणजे जनरेटर, पीएचपी ५.५ पासून, म्हणजे २०१३ पासून, उपलब्ध आहेत. पण नुसत्या यील्डने भागत नाही. मायएसक्यूएलचा ड्रायव्हर मूळ सेटिंगमध्ये संपूर्ण निकाल आधी स्वतःकडे भरून घेतो आणि मगच पहिली नोंद देतो, म्हणून या कामापुरते हे भरून घेणे, म्हणजे बफरिंग, बंद करावे लागते. ते बंद केले की निकाल वाचून संपेपर्यंत त्या कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालत नाही. लूपच्या आत काही विचारायचे असेल तर या एका प्रसंगी दुसरे कनेक्शन उघडणे रास्त ठरते. पानापानांनी यादी दाखवताना मात्र बफरिंगचा विचार करण्याची गरज नाही, तिथे लिमिट पुरते. फक्त ऑफसेट (आधीच्या किती नोंदी वगळायच्या तो आकडा) फार मोठा होऊ देऊ नका, कारण १,००,००० नोंदी वगळा असे सांगितले तरी सर्व्हरला त्या वाचूनच वगळाव्या लागतात; शेवटच्या दिसलेल्या क्रमांकाच्या पुढच्या वीस नोंदी मागणे हे कितीतरी स्वस्त पडते.

आपले जुने फंक्शन एकदम काढून टाकू नका, ते किती ठिकाणी वापरले आहे हे आधी शोधा. नवी तीन फंक्शने त्याच्या शेजारी लिहा. ज्या हाकांमध्ये पाहुण्याने भरलेली माहिती अटीत जाते, त्या आजच बदला. बाकीच्या त्या त्या पानावर काम निघेल तशा बदलत जा. दरम्यान जुन्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत अट रिकामी असल्यास एक्सेप्शन फेका. काही पाने त्यामुळे थांबतील, आणि जिथे खरोखर सगळ्या नोंदी हव्या होत्या आणि जिथे त्या चुकून येत होत्या, ती दोन्ही पाने आपल्याला त्याच दिवशी सापडतील.